डीबीए : दोन फुटी बोर्डावर झेलमची लढाई

गेले चार महिने जवळपास दर रविवारी मी आणि माझा मावसभाऊ डीबीए खेळतोय. पूर्ण नाव डी बेलिस अँटिक्विटाटिस, फिल बार्कर यांचा प्राचीन आणि मध्ययुगीन सैन्यांचा वॉरगेम, म्हणजे छोटे सैनिक टेबलवर मांडून खेळायची लढाई, पहिल्यांदा १९९० मध्ये आला, आमच्याकडे ३.० आवृत्ती आहे.

वॉरगेम म्हटलं की शेकडो सैनिक आणि त्यांना रंगवण्यात वर्ष जाणार असं वाटून बरेच जण आधीच माघार घेतात, मीही तसाच कितीतरी वर्षं नुसते फोटो बघत होतो. पण इथे एका बाजूला फक्त १२ एलिमेंट असतात, एलिमेंट म्हणजे एका बेसवर चिकटवलेली दोन-चार माणसं किंवा एखादा हत्ती, १५ एमएम स्केलला (म्हणजे माणूस साधारण तेवढा उंच) बेसची रुंदी ४० एमएम, बोर्ड साधारण दोन फूट बाय दोन फूट आणि तासाभरात निकाल. वन बीएचकेतल्या डायनिंग टेबलवर आरामात मावतो, जेवायच्या वेळेआधी आवरूनही होतं.

मला सगळ्यात आवडलं ते पिप्सचं प्रकरण. आपली पाळी आली की एक फासा टाकायचा, जेवढा आकडा तेवढे पिप, म्हणजे तेवढ्याच हालचाली, बेस एकमेकांना चिकटून असतील तर अख्खी रांग एका पिपमध्ये पुढे सरकते पण रांग फुटली की प्रत्येक तुकड्याला वेगळा पिप, सेनापती लांब राहिला तर वर आणखी एक. त्यामुळे सुरुवातीला हुकमात असलेलं सैन्य लढाई जुंपली की हळूहळू हातातून निसटायला लागतं, आणि खऱ्या रणांगणावर असंच होत असणार हे अगदी पटतं.

आम्ही सगळ्यात जास्त खेळलो ती इ.स.पू. ३२६ ची झेलम, पोरस विरुद्ध सिकंदर. सिकंदराचे खासे घोडेस्वार इथे नाइट्समध्ये, म्हणजे थेट धडक मारणाऱ्या घोडदळाच्या प्रकारात मोडतात आणि नाइट्स हत्तीसमोर हरले की मागे हटत नाहीत, थेट बोर्डावरून जातात! भावाने पहिल्या दोन्ही वेळा समोरून चाल केली आणि घोडदळ घालवून बसला. तिसऱ्या वेळी त्याने हत्तींना अजिबात हात न लावता बगलेने फिरून माझं घोडदळ गाठलं, आणि खुद्द सिकंदरानेही तेच केलं होतं. नियमात कुठेही ‘बगलेने जा’ असं लिहिलेलं नाही, तरी खेळता खेळता माणूस तिथेच पोचतो, याला मी चांगलं डिझाइन म्हणतो.

नियमांची भाषा मात्र जड आहे. थोड्या जागेत फार ठासून भरलंय, एकेक वाक्य दोनदा वाचावं लागतं, त्यामुळे आकृत्या समोर ठेवूनच वाचा. आणि लगेच फिगर्स, म्हणजे छोटे सैनिक, मागवू नका, आधी पुठ्ठ्याचे ४० एमएमचे तुकडे कापून त्यावर ‘हत्ती’, ‘भाले’, ‘घोडदळ’ असं लिहून खेळून बघा. मी घाईत एका दुकानातून मेटलच्या मागवल्या, निम्मे भाले वाकून आले, सरळ करताना तीन तुटले आणि फार वाईट वाटलं. आता भाल्यांच्या जागी बारीक तार लावलीय, ती चांगली टिकते.

मावळे शोधत असाल तर इथे नाहीत, सैन्यांच्या याद्या इ.स.पू. ३००० पासून साधारण इ.स. १५०० पर्यंतच. पण मध्ययुगीन भारतातली सैन्यं आहेत, म्हणून सध्या आम्ही १२९६ ची देवगिरी मांडतोय, अलाउद्दीन विरुद्ध रामचंद्रदेव यादव. रामचंद्रदेवाचा मुलगा शंकरदेव सैन्य घेऊन बाहेर गेलेला आणि नंतर परत येऊन लढलेला, तर त्याचे एलिमेंट कितव्या पाळीला बोर्डावर आणायचे यावर आमचं अजून एकमत नाही. भाऊ म्हणतो सहाव्या, मी म्हणतो चौथ्या.