हॅरी पॉटर : सात भाग, दहा महिने, रोज रात्री पाऊण तास

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत जे. के. रोलिंग यांच्या 'हॅरी पॉटर' या जादूगार मुलाच्या गोष्टीच्या सातही भागांचा इंग्रजी संच घरी आला आणि यंदा गणपती बसायच्या चार दिवस आधी आम्ही सातव्या भागाचं शेवटचं पान मिटलं. माझी लेक दहा वर्षांची, सेमी-इंग्रजी शाळेत पाचवीला. तिला इंग्रजी वाचता येतं, पण एवढी जाडजूड पुस्तकं एकटीनं संपवायचा धीर होत नव्हता. म्हणून रोज रात्री जेवणं आटोपली की मी मोठ्यानं वाचायचे आणि अडेल तिथे मराठीत सांगायचे. पलीकडच्या कॉटवर सासूबाई जप करत पडलेल्या असायच्या. तिसऱ्या भागापासून त्यांची माळ मध्येच थांबायला लागली. पाचव्यापर्यंत तर एखाद्या रात्री मी कंटाळा केला की त्याच आठवण करायच्या.

संच घेण्याआधी मी बरेच अभिप्राय वाचले होते. काहींनी 'मुलांना वाचनाची गोडी लागते' एवढंच लिहिलेलं, काहींनी लेखिकेच्या मतांमुळे पुस्तकाला हातही लावू नका असं बजावलेलं. मुलाला शेजारी घेऊन वाचताना काय काय समोर येतं, हे कुणी सांगितलं नव्हतं. ते मी सांगते. कथेतलं बरंच काही उघड होईल, तेव्हा ज्यांना स्वतः वाचायचंय त्यांनी इथे थांबावं.

आधी व्यवहाराचं. मूळ ब्रिटिश आवृत्तीत पहिला भाग २२३ पानांचा आहे आणि पाचवा ७६६ पानांचा. १९९७ ते २००७ या दहा वर्षांत ही पुस्तकं आली आणि वाचक मुलं मोठी होत गेली तशी गोष्टही गडद होत गेली. आज मात्र सगळे भाग एकाच पेटीत मिळतात, त्यामुळे आठ वर्षांचं मूल दोन महिन्यांत चौथ्या भागाच्या शेवटाला पोचू शकतं. तिथे स्मशानात सेड्रिक नावाचा शाळकरी मुलगा एका वाक्यात मारला जातो, आणि त्यानंतर एक माणूस स्वतःचा हात कापून कढईत टाकतो. ते प्रकरण मी रविवारी सकाळी, उजेडात वाचलं. रात्री वाचू नका.

पहिला भाग वाचनालयातून मराठीतही आणला होता. मराठीत त्याचं नाव 'हॅरी पॉटर आणि परीस'. 'फिलॉसॉफर्स स्टोन' म्हणजे काय हे मला समजावत बसावं लागलं नाही. परीस म्हटल्याबरोबर लोखंडाचं सोनं लेकीच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. अमेरिकेतल्या प्रकाशकानं याच पुस्तकाचं नाव बदलून 'सॉर्सरर्स स्टोन' केलं होतं. आपल्याला तसलं काही करावं लागलं नाही, शब्द घरातच होता.

या मालिकेचा गाभा जादू आहे असं मला आता वाटत नाही. गाभा मरणाचा आहे. लेखिकेची आई १९९० च्या डिसेंबरात गेली, हे पुस्तक नुकतं लिहायला घेतलं होतं तेव्हा, आणि ते दुःख पानापानांत झिरपलंय. पहिल्याच भागात एक आरसा आहे. त्यात बघणाऱ्याला त्याच्या मनातली सगळ्यांत खोल इच्छा दिसते आणि अनाथ हॅरीला आपले आईवडील दिसतात. ते वाचून झाल्यावर लेकीनं विचारलं, "आई, मला आजोबा दिसले असते का गं?" माझे सासरे दोन वर्षांपूर्वी गेले. तोवर ती त्यांच्याबद्दल चकार शब्द बोलली नव्हती. पलीकडून सासूबाई म्हणाल्या, "मलाही तेच दिसले असते, बाळा." त्या रात्री पुढे वाचन झालं नाही. संचाची किंमत माझ्या दृष्टीनं तिथेच वसूल झाली.

पुढे हेच सूत्र वाढत जातं. हॅरीच्या आईवडिलांना मारणाऱ्या दुष्ट जादूगार व्हॉल्डेमॉर्टला मरायचं नाही म्हणून तो आपल्या आत्म्याचे तुकडे करतो, त्यासाठी खून करतो. उलट पहिल्या भागात परीस ज्याचा, ते म्हातारं जोडपं तो नष्ट करायला तयार होतं आणि मरण पत्करतं. तिसऱ्या भागातले डिमेंटर नावाचे भयाण जीव माणसातला सगळा आनंद शोषून घेतात. आपल्या नैराश्याच्या अनुभवातून ते सुचल्याचं लेखिकेनंच सांगितलंय. आणि पाचव्या भागातला इस्पितळाचा प्रसंग. हॅरीचा वर्गमित्र नेव्हिल, त्याची छळामुळे भ्रम झालेली आई त्याच्या हातात च्युइंगगमचा रिकामा कागद ठेवते. आजी म्हणते टाकून दे, आणि तो गुपचूप खिशात घालतो. मला वाचताना आवाज फुटेना. लेकीनं पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि उरलेलं पान तिनं वाचलं.

रक्ताच्या शुद्धतेचा विषय आपल्याकडच्या मुलांना वेगळा शिकवावा लागत नाही. दुसऱ्या भागात शाळेतला मॅल्फॉय हॅरीच्या मैत्रिणीला, हर्मायनीला, 'मडब्लड' म्हणतो, म्हणजे घाणेरड्या रक्ताची, कारण तिच्या आईवडिलांना जादू येत नाही. मी अर्थ सांगितला आणि सासूबाई उठूनच बसल्या. "म्हणजे आपल्याकडचं सोवळं-ओवळंच की हे!" मग त्यांनी त्यांच्या लहानपणीची गावातल्या पाणवठ्याची गोष्ट सांगितली. पाणी कुणी भरायचं, कुणी लांब उभं राहून वाट बघायची, आणि त्यांच्या आईनं वरून ओंजळीत पाणी कसं घातलं. लग्नाला चौदा वर्षं झाली, ही गोष्ट मी पहिल्यांदाच ऐकत होते. लेकीनं विचारलं, "मग तू काही बोलली नाहीस, आजी?" त्या म्हणाल्या, "नाही बोलले." सातव्या भागात जादूगारांच्या मंत्रालयाची समिती लोकांना बोलावून त्यांच्या रक्ताचा पुरावा मागते, तेव्हा युरोपातलं नाझी पर्व आठवतं. आमच्या घरात मात्र त्या रात्री पुन्हा तो पाणवठाच आठवला.

आता जिथे पुस्तक स्वतःचंच म्हणणं पाळत नाही त्या जागा. माझ्या मते मुलासोबत बसून वाचायचं खरं कारण याच जागा आहेत.

पहिली, जादूगारांकडे घरकाम करणारे हाऊस-एल्फ नावाचे बुटके जीव. पगार नाही, रजा नाही, मालकानं कपडा दिला तरच सुटका. डॉबी नावाच्या एल्फची सुटका होते तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. चौथ्या भागात कळतं की हॅरीच्या जादूच्या शाळेत, हॉगवर्ट्सच्या स्वयंपाकघरात, असे शंभराहून जास्त एल्फ राबतात. हर्मायनी त्यांच्यासाठी संघटना काढते आणि सगळे तिची टिंगल करतात. नुसता हॅरीचा मित्र रॉनच नव्हे, शाळेचा भला रखवालदार हॅग्रिडसुद्धा म्हणतो की त्यांना कामच आवडतं. नोकरी गेलेली विंकी ही एल्फ तर दुःखानं पिऊन पडते. 'गुलामीत सुखी असलेला गुलाम' हे चित्र मुलांसमोर ठेवलं म्हणून यावर खूप टीका झाली आणि मला ती रास्त वाटते. पाचव्या भागाच्या शेवटी शाळेचा मुख्याध्यापक डंबलडोर क्रीचर या एल्फशी झालेल्या बेपर्वाईचं माप त्याच्या मालकाच्या, सिरियसच्या, पदरात घालतो. सातव्यात हॅरी डॉबीची कबर जादू न वापरता, स्वतः फावड्यानं खणतो. तिथे सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. पण युद्ध संपल्यावर त्याच हॅरीच्या मनात येतं की क्रीचर आपल्याला एखादं सँडविच आणून देईल का. लेक ताडकन म्हणाली, "म्हणजे क्रीचरला सोडलं नाहीच का?" मी मागची पानं चाळली. सोडल्याचं कुठेही लिहिलेलं नाही.

दुसरी, जाडेपण. हॅरीचा मावसभाऊ डडली वाईट वागतो आणि तो जाड आहे, या दोन गोष्टी पहिल्या भागात सतत एकाच दोरीत ओवलेल्या आहेत. हॅग्रिड त्याला डुकराचं शेपूट लावतो, तेही त्याच्या बापानं डंबलडोरचा अपमान केला म्हणून. सुरुवातीला मी ती विशेषणं गाळून वाचत होते. लेकीच्या वर्गात एका मुलाला असंच चिडवतात हे मला माहीत होतं. तिनं शेजारून पानावर नजर टाकली आणि माझी चोरी पकडली. त्यानंतर मी काही गाळलं नाही. थांबायचं, पुन्हा वाचायचं आणि विचारायचं, "हे इथे लिहायची गरज होती का?" बहुतेक वेळा तिचं उत्तर 'नाही' असायचं.

तिसरी, जादूगारांच्या ग्रिंगॉट्स बँकेतले गॉब्लिन नावाचे बुटके. सोन्याला जपणारे, बँका चालवणारे, बाकीच्यांपासून वेगळे. युरोपात शतकानुशतकं ज्यूंची जी विकृत चित्रं काढली गेली त्यांच्याशी हे जुळतं, असा आक्षेप आहे. सिनेमातल्या लांब बाकदार नाकांमुळे तो आणखी धारदार झाला. लेखिकेच्या मनात तसं असेल असं मी म्हणणार नाही, पण ते जुनं चित्र ठाऊक असलेल्याला ते दिसणारच. गंमत अशी की सातव्या भागातला ग्रिपहूक हा गॉब्लिन सांगतो की वस्तू ज्यानं घडवली त्याचीच खरी मालकी, आणि लेक गॉब्लिननी घडवलेल्या तलवारीच्या भांडणात सरळ त्याच्या बाजूनं गेली.

पाटील जुळ्या बहिणींबद्दल लिहिल्याशिवाय मराठी माणसाचा अभिप्राय पुरा होणार नाही. पार्वती आणि पद्मा. लेकीच्या वर्गात तीन पाटील आहेत, त्यामुळे तिला केवढा आनंद! पण त्या घरी कुठली भाषा बोलतात, आईबाबा कुठून आले, डब्यात काय असतं, याबद्दल सात भागांत काही नाही. चौथ्या भागात शाळेतल्या नृत्याच्या रात्री पार्वतीच्या वेणीत सोनेरी धागा आणि हातात बांगड्या दिसतात, आणि त्यांचे जोडीदार हॅरी-रॉन दोघींकडे ढुंकूनही बघत नाहीत. पुस्तकात त्या शाळेच्या दोन वेगळ्या गटांत आहेत, सिनेमानं दोघींना एकाच गटात टाकलं. तरी पाचव्या भागात दोघी 'डंबलडोरच्या सेनेत', म्हणजे विद्यार्थ्यांच्या गुप्त गटात, येतात आणि शेवटच्या लढाईत पार्वती शत्रूशी समोरासमोर लढते. ते वाक्य लेकीनं माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.

सहाव्या भागातल्या प्रेमाच्या काढ्याबद्दल मुलींच्या आयांनी सावध असावं. रॉनचे जुळे भाऊ तो दुकानात मजेची वस्तू म्हणून विकतात, आणि त्याच भागात कळतं की व्हॉल्डेमॉर्टच्या आईनं असाच काहीतरी काढा पाजून एका माणसाला नवरा करून घेतलं. मी तिथे वाचन थांबवून, संमती म्हणजे काय ते साध्या शब्दांत सांगितलं.

जादूटोण्यामुळे मुलं बिघडतील हा आक्षेप आमच्याकडे कुणी घेतला नाही. अमेरिकेत मात्र तो फार गाजला. २००० ते २००९ या दशकात तिथल्या ग्रंथालयांतून काढून टाकण्याची सर्वाधिक मागणी याच मालिकेसाठी झाली. २००१ च्या अखेरीस न्यू मेक्सिकोतल्या एका चर्चनं पुस्तकं जाळली. २००३ मध्ये अर्कान्सासमधल्या न्यायालयानं शाळेच्या ग्रंथालयातली पुस्तकं पुन्हा खुल्या कपाटात ठेवायला लावली. गंमत म्हणजे सातव्या भागातल्या थडग्यांवर बायबलमधलीच वचनं कोरलेली आहेत.

लेखिकेबद्दल लेकीला शाळेतल्या मैत्रिणीकडून कळलं. "तिला काही लोक वाईट का म्हणतात?" मी जमेल तेवढं नीट सांगितलं. जे. के. रोलिंग यांनी २०१९ च्या डिसेंबरात आणि मग जून २०२० च्या लांब लेखात लिंग आणि लिंगभाव यांबद्दल मतं मांडली. स्त्रियांची सुरक्षितता आणि त्यांच्यासाठी राखलेल्या जागा जपायच्या तर जन्मतःचं लिंग नाकारून चालणार नाही, असं त्या म्हणतात. स्वतः सोसलेल्या कौटुंबिक हिंसेबद्दलही त्यांनी त्या लेखात लिहिलं. यामुळे ट्रान्स, म्हणजे जन्मतः पुरुष म्हणून नोंदल्या गेलेल्या, स्त्रियांचं अस्तित्वच नाकारलं जातं, असं दुसऱ्या बाजूचं म्हणणं आहे. हॅरीची भूमिका करणाऱ्या डॅनियल रॅडक्लिफनंही ट्रान्स स्त्रिया या स्त्रियाच आहेत, असं जाहीर केलं. पुस्तकातला क्विडिच हा खेळ प्रत्यक्ष मैदानावर खेळणाऱ्या संघटनांनी २०२२ मध्ये त्याचं नाव बदलून क्वाडबॉल केलं, त्यामागचं एक कारण हेच. माझं मत मी लेकीला सांगितलं : रोलिंगबाईंची भीती मला कळते, पण त्यांचा निष्कर्ष पटत नाही. आणि हेही सांगितलं की तिनं माझं ऐकून मत बनवू नये, मोठी झाल्यावर दोन्हीकडचं वाचावं.

२००७ मध्ये, सातही भाग आल्यावर, लेखिकेनं न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये सांगितलं की डंबलडोर समलैंगिक आहे. लेकीचा प्रश्न : "मग पुस्तकात का नाही लिहिलं?" तिचं बरोबर आहे. पुस्तकात ते उघडपणे कुठेच नाही.

शेवटचा आणि सगळ्यांत मोठा वाद आमच्या घरात स्नेपवरून झाला. हा शिक्षक वर्गात नेव्हिलला इतकं घालूनपाडून बोलतो की त्या पोराची सगळ्यांत मोठी भीती हा शिक्षकच ठरतो. शापामुळे दात वाढून रडवेल्या झालेल्या हर्मायनीला तो म्हणतो की मला तर काही फरक दिसत नाही. सातव्या भागात कळतं की तो आयुष्यभर हॅरीच्या आईवर प्रेम करत होता, जीव धोक्यात घालून हेरगिरी करत होता. पुढे हॅरी आपल्या मुलाला त्याचं नाव देतो. सासूबाई हळहळल्या. लेक मात्र रागानं लाल झाली. "नेव्हिलला विचारलं का कुणी?" दोघींचं दोन रात्री बोलणं बंद होतं.

संच आता बहिणीच्या मुलानं मागितलाय. तो आठ वर्षांचा आहे. पहिले तीन भाग मी पाठवलेत, आणि रोज रात्री तूच वाचून दाखव असं बहिणीला फोनवर सांगितलंय. चौथ्यापासून पुढचे चार आमच्याच कपाटात राहतील, निदान पुढच्या दिवाळीपर्यंत. तिसऱ्या भागात सासूबाईंची खुणेची दोरी तशीच राहिली होती. ती तेवढी त्यांनी आठवणीनं काढून घेतली.