अंतर चोख, वेळ मात्र ढोबळ: विमानतळांच्या अ‍ॅपचा आठ महिन्यांचा अनुभव

नौपाड्यात माझं तिकीट बुकिंगचं छोटंसं दुकान आहे. गिऱ्हाईक खुर्चीत टेकतं न टेकतं तोच विचारतं, "किती तास लागतात हो?" त्यासाठी हे अ‍ॅप घेतलं. दोन विमानतळ निवडायचे, की अंतर आणि प्रवासाची वेळ समोर. फुकट आहे, जाहिराती मात्र भरमसाट.

पहिल्याच आठवड्यात फजिती झाली. मुंबई-दुबई 1,042 दिसलं, मी किलोमीटर समजून सांगत सुटलो. एक निवृत्त मास्तर म्हणाले, "अहो, विमानाने दिल्लीच साडेअकराशेच्या आसपास आहे, दुबई त्याहून जवळ कशी?" सेटिंग पाहिलं तर सागरी मैल! एक सागरी मैल म्हणजे 1.852 किमी, म्हणजे खरं अंतर 1,930 किमीच्या घरात. तेव्हापासून किलोमीटरवर ठेवलंय, आणि अंतराबाबत माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती वेळेची. दुबईला 2 तास 55 मिनिटं दाखवतं, जातानाही आणि येतानाही. सिंगापूरला सुमारे 3,900 किमी, तिथे 5 तास 22. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. ताशी 800 ने भागायचं आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवायचा, एवढाच हिशोब! वारा कुठेच नाही. वर वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून वाहतो, हिवाळ्यात जोरात. त्यामुळे दुबईला जाताना तो समोरून लागतो आणि वेळापत्रकात सव्वातीन तास धरलेले असतात, येताना तीनच्या आसपास. शिवाय वेळापत्रकातली वेळ विमान जागेवरून हलल्यापासून थांबेपर्यंतची असते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकदम वापरता येत नाहीत. गर्दीच्या वेळी विमान वर घिरट्या घालतं, ते अ‍ॅपला काय कळणार?

त्यात दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. कोपरीच्या एका काकू तिकिटाचा प्रिंट घेऊन तणतणत आल्या. "जाताना पावणेदोन तास आणि येताना साडेचार? परतीला बैलगाडी दिलीत का?" जाताना 4:00 ला निघून 5:45 ला पोहोचणार, येताना रात्री 10:00 ला निघून पहाटे 2:30 ला. खरं तर जातानाच पाव तास जास्त लागतो, तिकिटावर उलटं दिसतं. अ‍ॅपने तिथल्या घड्याळाची वेळ शेजारी दाखवली असती तर माझी अर्धी वटवट वाचली असती.

डिसेंबर 2025 मध्ये नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यापासून आणखी एक जपावं लागतं. 'मुंबई' टाइप केलं की दोन नावं येतात. चुकीच्या नावावर बोट पडलं तर दुबईचं अंतर वीस-पंचवीस किलोमीटरने वाढतं. हवेत ती दोन मिनिटं, पण गिऱ्हाइकाने तोच विमानतळ समजून ठाण्याहून गाडी तिकडे वळवली तर माझं दुकान बंद!

पाचपैकी तीन तारे. अ‍ॅप काढलेलं नाही, अंतरासाठी रोज उघडतो. वेळ मात्र आता विमान कंपनीच्या वेळापत्रकावरून काढतो आणि प्रिंटवर निळ्या पेनाने लिहून देतो: "प्रत्यक्ष विमानात सव्वातीन तास." काकूंच्या प्रिंटवर दोनदा लिहिलं.