नॅशनल पार्कचा वार्षिक पास, वर्षभर वापरून झाल्यावर

पैशांचं आधी उरकून टाकते. ‘अमेरिका द ब्युटिफुल’ हा अमेरिकेतल्या नॅशनल पार्कांचा वार्षिक पास आम्ही नवरा-बायकोने फेब्रुवारी २०२५ मध्ये ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण गेटवर घेतला, ८० डॉलरला. ॲरिझोनातलं ग्रँड कॅन्यन, शेजारच्या यूटा राज्यातले झायन आणि ब्राइस, या तिन्ही ठिकाणी एका गाडीची एन्ट्री ३५ डॉलर आहे. म्हणजे तीनच पार्क केले तरी १०५ होतात. त्यात यूटातल्याच आर्चेस आणि कॅन्यनलँड्सचे तीस-तीस आणि कॅपिटल रीफचे वीस धरले की सहा पार्कांचे १८५. गेटवर भरलेली एन्ट्री सात दिवस चालते, पास वर्षभर. एप्रिलमध्ये फिनिक्सहून निघून पेज, झायन, ब्राइस, कॅपिटल रीफ आणि आर्चेस-कॅन्यनलँड्सजवळचं मोआब गाव असा रोड ट्रिप केला, त्यातच पैसे वसूल झाले. एवढंच सांगायचं असतं तर लिहायला बसले नसते.

आमच्या लेखी खरा फायदा वेगळा आहे. गेटचे पैसे डोक्यातून गेले की उन्हातला हट्ट जातो. पस्तीस डॉलर मोजून, चार तास गाडी हाकून आलेला माणूस दुपारी बाराला ट्रेलच्या तोंडाशी उभा असला तरी ‘आता आलोच आहोत तर’ म्हणून निघतोच. आणि या वाळवंटी कॅन्यनमध्ये माणसं अडचणीत येतात ती बहुतेक ह्याच ‘आलोच आहोत तर’ पायी. वर्षभरात आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळा बोललं गेलेलं वाक्य म्हणजे नवऱ्याचं, “अगं, येऊ की परत, गेटचे पैसे कुठे जातायत?” घरी असता हा माणूस दुकानातून रिकाम्या हाताने परत यायला तयार नसतो.

ग्रँड कॅन्यनचं घ्या. सह्याद्रीत फिरलेल्या आपल्यासारख्यांना ही दरी हमखास चकवते. गडावर आधी चढ असतो, दमलो तर तिथेच कळतं, आणि परतीला उतार असतो. इथे सगळं उलट. सकाळी गार हवेत, ताज्या पायांनी, गप्पा मारत खाली जायचं आणि ऊन डोक्यावर आलं की चढायचं. साउथ रिम, म्हणजे दरीचा दक्षिण कडा, सुमारे ७,००० फुटांवर आहे, दरी जवळजवळ एक मैल खोल, आणि जसजसं खाली जावं तसतसा उकाडा वाढत जातो. उन्हाळ्यात खाली नदीपाशी पारा ११० फॅरनहाइटच्या, म्हणजे ४३ सेल्सिअसच्या वर जातो. एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परत येऊ नका आणि उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार चढ-उतार टाळा, असं पार्कवाले पाट्या लावून सांगतात.

मे महिन्यात आम्ही साउथ कैबाब ट्रेलने सीडर रिज या टप्प्यापर्यंत जायला निघालो. जाऊन-येऊन तीन मैल आणि सुमारे ११०० फूट उतार. आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. ह्या वाटेवर पाण्याचा थेंब नाही आणि सावलीही नावापुरतीच. वाटेतल्या ऊ-आ पॉइंटच्या खालच्या वळणावर खालून खेचरांचा तांडा आला. अशा वेळी दरीची बाजू सोडून डोंगराच्या अंगाला सरकायचं आणि हलायचं नाही. पुढच्या खेचरावरचा माणूस सांगेल तसं करायचं. आम्ही लाल कातळाला पाठ टेकून उभे. खेचरांच्या पायाखालची धूळ पिठासारखी बारीक, ती दातांत कचकचली. ते जाईपर्यंत बराच वेळ गेला आणि पाठीमागचा कातळ तापलेला लागायला लागला. सीडर रिज खाली दिसत होता. नवरा घड्याळ बघून म्हणाला, चला वर. मी कुरकुर केली, पण वळलो. पुन्हा आलो ते ऑक्टोबरात, पार्कच्या पहाटेच्या शटल बसने. या ट्रेलच्या तोंडाशी खासगी गाडी नेताच येत नाही, शटलच घ्यावी लागते. त्या खेपेला सीडर रिजवर बसून भडंग खाल्लं. खाण्याची गोष्ट चवीपुरती नाही. नुसतंच पाणी ढोसत राहिलं आणि पोटात मीठ गेलं नाही तर रक्तातलं सोडियम खाली येतं, ते उन्हाइतकंच घातक. खारे शेंगदाणे, भडंग, लोणच्याची फोड, ह्यांनी आमचं काम भागलं. ब्राइट एंजल ट्रेलवर विश्रांतीघरांपाशी नळ आहेत, पण दरी ओलांडून पाणी आणणारी पाइपलाइन १९६० च्या दशकातली आहे आणि ती सारखी फुटते. निघायच्या दिवशी कोणता नळ चालू आहे ते बघूनच निघावं.

झायनमध्ये हाच मुद्दा उन्हाच्या जागी पाण्याचा होतो. नॅरोज म्हणजे व्हर्जिन नदीच्या पात्रातूनच चालायचं, दोन्ही बाजूंना शेकडो फूट उभ्या भिंती. टेंपल ऑफ सिनावावा या शटलच्या शेवटच्या थांब्यापासून बिग स्प्रिंगपर्यंत वर जाऊन परत यायला परमिट लागत नाही. वरून खाली सोळा मैल उतरायचं असेल तर लागतं. नदीचा प्रवाह सेकंदाला १५० घनफुटांच्या वर गेला की ही वाट बंद करतात. पण भीती असते ती अचानक येणाऱ्या लोंढ्याची. पाऊस मैलोगणती लांब पडतो, तुमच्या डोक्यावर निळं आकाश असतं आणि पाणी येतं. सप्टेंबर २०१५ मध्ये झायनच्याच कीहोल कॅन्यनमध्ये अशा लोंढ्यात सात जण गेले. म्हणून पार्क रोज लोंढ्याचा अंदाज जाहीर करतं, ‘अपेक्षित नाही’पासून ‘अपेक्षित’पर्यंत चार पायऱ्या. इथला पावसाळा म्हणजे साधारण जुलै ते सप्टेंबर. ऑगस्टअखेर आम्ही गेलो त्या सकाळी पाटीवर तिसरी पायरी होती, पाण्यात चालायच्या बुटांच्या भाड्याचे पैसे भरून झाले होते. तरी पाण्यात उतरलो नाही, पा’रस ट्रेलवर नदीच्या कडेकडेने चालून आलो. बुटांच्या भाड्याची हळहळ मला फिनिक्सपर्यंत पुरली. गेटचेही पस्तीस गेले असते तर कदाचित उतरलोही असतो, हे खरं आहे.

झायनला जाणाऱ्यांनी आणखी एक समजून घ्यावं. पास असला म्हणून पार्किंग मिळत नाही. आतलं सकाळीच भरतं. स्प्रिंगडेल गावात पैसे देऊन गाडी लावायची, गावातल्या फुकट बसने नदीवरच्या पायी गेटपाशी यायचं आणि तिथे पास दाखवायचा. वसंत ते हिवाळ्याच्या तोंडापर्यंत सीनिक ड्राइव्ह या पार्कातल्या रस्त्यावर खासगी गाड्या बंदच असतात, पार्कची शटल घ्यावी लागते आणि तिचं तिकीट नाही. एंजल्स लँडिंग या उंच कड्याचं परमिट एप्रिल २०२२ पासून लॉटरीने मिळतं, त्याचे पैसे वेगळे. आमचा नंबर लागला नाही. साखळ्या धरून त्या धारेवर जायची मला फारशी हौस नव्हतीच, त्यामुळे घरात ह्यावर दोन मतं आहेत.

आर्चेसमध्ये २०२५ साली हंगामात सकाळी सात ते दुपारी चार या वेळेत शिरायला आधी वेळ राखावी लागायची, त्याचे दोन डॉलर पासवाल्यांनाही. आम्ही तो घोळच घातला नाही. चारनंतर आत गेलो. डेलिकेट आर्चची वाट जाऊन-येऊन तीन मैल, बराचसा भाग उघड्या कातळावरून, खुणेला दगडांच्या लहान उतरंडी, झाड असं नाहीच. दुपारी ती भट्टी असते, संध्याकाळी सुसह्य होते. मोआब मुक्कामी होतो म्हणून दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा आत, ह्या वेळी लँडस्केप आर्च. ३०६ फूट लांबीची ती कमान मधे इतकी बारीक झाली आहे की बघताना आपणच श्वास धरतो. १९९१ मध्ये तिच्यातून मोठी शिळा निखळली, तेव्हापासून खाली जायला बंदी आहे. त्याच वाटेवरची वॉल आर्च २००८ मध्ये रात्रीतून कोसळली.

मोआबच्या बाजूला वाटेच्या कडेला काळपट, खडबडीत कवच धरलेली माती दिसते. हे कवच जिवंत असतं. सायनोबॅक्टेरिया, शेवाळ, दगडफूल यांनी वाळूचे कण एकत्र बांधून धरलेले असतात, आणि त्यामुळेच तिथे पाणी थोडं टिकतं, झुडपं उगवतात. एक पाऊल पडलं की ते भरून यायला वर्षानुवर्षं लागतात. कॅन्यनलँड्समधल्या मेसा आर्चपाशी सूर्योदयाच्या गर्दीत लोक फोटोची जागा पकडायला ह्या मातीवरून सरळ चालत जातात. दुरून आलेत, एकच सकाळ हातात आहे, घाई समजू शकते. तरी रागच येतो.

ब्राइसबद्दल थोडक्यात. पार्क वाळवंटात धरतात, पण कडा ८,००० फुटांच्या वर आहे आणि एप्रिलमध्ये बर्फ आणि चिखल दोन्ही होतं. क्वीन्स गार्डन आणि नवाहो लूप हे दोन ट्रेल जोडून केले. मला सहांतला हाच पार्क सगळ्यात आवडला, आणि तो अर्ध्या दिवसात होतो. कॅपिटल रीफमधून जाणाऱ्या हायवे २४ ला पैसेच नाहीत, एन्ट्री लागते ती सीनिक ड्राइव्हला. तिथल्या फ्रुटा वस्तीत मॉर्मन पंथाच्या लोकांनी लावलेल्या फळबागा पार्क आजही सांभाळतं. एप्रिलमध्ये झाडांना फुलंच होती, फळं हंगामात स्वतः तोडून वजनावर विकत घेता येतात.

आता पास कुठे चालत नाही ते, कारण इथेच लोक फसतात. स्टेट पार्कांत नाही, म्हणजे मोआबजवळचं डेड हॉर्स पॉइंट वेगळं. नवाहो या मूळच्या आदिवासी लोकांच्या जमिनीवर नाही, म्हणजे मॉन्युमेंट व्हॅली आणि अँटिलोप कॅन्यन दोन्ही वेगळे, आणि अँटिलोपला नवाहो गाइडशिवाय जाताच येत नाही. हॉर्सशू बेंडचं पार्किंग पेज शहराचं, तिथेही नाही. कॅम्पिंग नाही. उलट ॲरिझोनातल्या सेडोना भागात गाडी लावायला लागणाऱ्या रेड रॉक पासऐवजी हा चालतो, फक्त आरशाला टांगायचा हँगटॅग मागून घ्यायला हवा. नवाहो भागाचं आणखी एक. ॲरिझोनात घड्याळ उन्हाळ्यात पुढे करत नाहीत, नवाहो नेशनमध्ये करतात, यूटामध्येही करतात. फोन रस्त्यात दोन-तीनदा वेळ बदलतो. टूरची वेळ कोणत्या घड्याळाची ते विचारून घ्या.

कार्डाच्या मागे दोन सह्यांची जागा होती, त्यामुळे नवरा मित्रांबरोबर गेला तेव्हा तोच पास घेऊन गेला. गेटवर फोटो ओळखपत्र मागतात. हरवला तर बदली पास मिळत नाही, नवा विकत घ्यायचा. आमचा गाडीच्या कप्प्यात ॲरिझोनाच्या उन्हाने थोडा वाकला, चालला मात्र शेवटपर्यंत. आणि एखादी जागा बंदच झाली तर पासचा उपयोग नाही. आमचा ग्रँड कॅन्यनच्या नॉर्थ रिमचा, म्हणजे उत्तर कड्याचा, बेत जुलैच्या वणव्यात गेला. ड्रॅगन ब्राव्हो आगीत तिथला ग्रँड कॅन्यन लॉज जळाला आणि ती बाजू हंगामभर बंद राहिली.

जानेवारी २०२६ पासून नियम बदलले आहेत. इथे राहणाऱ्यांना पास ८० डॉलरलाच आहे, पण इथलं सरकारी ओळखपत्र दाखवावं लागतं. बाहेरच्या देशातून येणाऱ्यांना तोच पास २५० ला. पास नसेल तर ग्रँड कॅन्यन, झायन आणि ब्राइस धरून ११ पार्कांत परदेशी पाहुण्यांना माणशी १०० डॉलर जादा. पुण्याहून आई-बाबा येणार असतील आणि स्वतंत्र फिरणार असतील तर हा हिशेब तिकिटं काढायच्या आधी करा. पास आता फोनवरही मिळतो.

पासाची मुदत घेतलेल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी, पुढच्या वर्षी संपते. म्हणून महिन्याच्या सुरुवातीला घ्यावा, जवळजवळ तेरा महिने पडतात. ज्यांना लास वेगासहून एकदाच ग्रँड कॅन्यन बघून विमानाने परत जायचं आहे आणि जे इथले रहिवासी आहेत, त्यांनी सरळ ३५ डॉलर भरावेत. आम्ही मार्चच्या पहिल्या आठवड्यात नवा घेतोय, नॅरोज अजून राहिलाय.