मार्कस की लुसियस? बाळाचं नाव ठरवताय त्यांच्यासाठी

बाळाला जुनं लॅटिन नाव ठेवायचंय आणि गाडी मार्कस की लुसियस इथे अडलीये, तर आधी एक सांगते, रोममध्ये ही दोन्ही नावं गल्लोगल्ली होती. प्रजासत्ताकाच्या शेवटच्या काळात मुलग्यांची सर्रास वापरातली नावं जेमतेम सतराअठरा, त्यामुळे शिलालेखात नुसतं एम किंवा एल कोरलं तरी लोकांना कळायचं. मुलाचं नाव ठेवायचे नवव्या दिवशी, आपल्या बारशासारखंच, फक्त तीन दिवस आधी.

दोन्हींच्या अर्थामध्ये मात्र जमीनअस्मानाचा फरक आहे. मार्कस आलं मार्स या युद्धदेवावरून, म्हणजे आपल्या भाषेत मंगळावरून, आणि ज्या घरात पत्रिकेतल्या मंगळाचा धसका आहे तिथे आजीला हे आधीच सांगून ठेवा. लुसियस उजेडावरून, आणि पहाटे जन्मलेल्या मुलाला हे नाव ठेवायचे असं खुद्द रोमन लोक सांगायचे. आजोबांचं नाव प्रकाश असेल तर लुसियसमधून ते अर्थाने पुढे चालतं, मला तर हे फार आवडतं!

आता माणसं बघू. मार्कसच्या बाजूला वक्ता सिसेरो, सेनापती अँटनी, आणि सम्राट मार्कस ऑरेलियस, ज्याने लढाईच्या छावण्यांमधे स्वतःला समजावण्यासाठी टिपणं लिहिली आणि ती आजही लोक उशाशी ठेवतात. लुसियसकडे तत्त्वज्ञ सेनेका आहे, हुकूमशहा सुल्ला आहे, आणि सम्राट नीरोसुद्धा, जन्मनाव लुसियस डोमिशियस. ब्रूटस दोन्हीकडे सापडतो, परंपरेनुसार इ.स.पू. ५०९ मध्ये राजाला हाकलणारा लुसियस ब्रूटस आणि इ.स.पू. ४४ मध्ये सीझरवर सुरा चालवणारा मार्कस ब्रूटस, पण हाकललेला तो राजा टार्क्विनियस, तोही लुसियसच! म्हणून एखाद्या थोर माणसाकडे बघून नाव ठरवत असाल तर त्याच नावाचे बाकीचेही बघा.

रोमन घराणी याबाबतीत फार हळवी होती. मार्कस मॅन्लियसने गॉल लोकांच्या हल्ल्यात रोमची टेकडी वाचवली, पण पुढे राजा व्हायला बघतोय असा आरोप येऊन इ.स.पू. ३८४ मध्ये त्याला कड्यावरून ढकलून मारलं, आणि मॅन्लियस घराण्याने ठरवलं की आता आपल्यात मार्कस नाव नको. क्लॉडियस घराण्याने लुसियस टाकलं, कारण त्या नावाचा एक जण वाटमारीत आणि एक खुनात दोषी ठरला होता.

रोजच्या वापराला मार्कस बरंच सोपं, मराठीत लिहिलं तसंच वाचतात, इंग्रजीतही गोंधळ नाही, पोर्तुगीज रूप मार्कोस आणि बायबलातलं मार्क तर आपल्याकडे ओळखीचंच. लुसियसचं तसं नाही, जुने रोमन लूकियस म्हणायचे, इटलीत चर्चमध्ये लूचियस, इंग्रजीत लूशस, मराठी बायबलात लूक्य, म्हणजे शाळेत पहिल्या दिवशी पोराला उच्चार सांगावा लागणार हे धरून चला. मुलगी झाली तर लुसिया मात्र कुठेही चालून जाईल.

मला विचाराल तर परदेशात राहणाऱ्यांनी बिनधास्त मार्कस ठेवावं. इथे राहणाऱ्यांना, आणि उच्चार समजावायचा कंटाळा नसेल त्यांना, मी लुसियसच सांगेन, अर्थासाठी.

आणि दोन्ही सोडवत नसतील तर रोमच्या पँथिऑन या प्राचीन मंदिरावरची ओळ बघा, एम अग्रिप्पा एल एफ, म्हणजे लुसियसचा मुलगा मार्कस अग्रिप्पा, आपण मुलाच्या नावापुढे वडिलांचं लावतो त्याच जातीचं. एक नाव या बाळाला ठेवा, दुसरं नातवासाठी राखून ठेवा.