वित्तीय करार: आयर्लंडचे सार्वमत की जर्मनीची संसद?
संरचनात्मक तूट, म्हणजे तेजी-मंदीचा तात्पुरता परिणाम वगळून उरणारी सरकारी तूट, जीडीपीच्या ०.५ टक्क्यांवर रोखणाऱ्या २०१२ च्या युरोपीय वित्तीय कराराला जर्मनीत संसदेच्या दोन्ही सभागृहांनी दोन-तृतीयांश बहुमताने मान्यता दिली. वाद गेला तो घटना न्यायालयात, मतदारांकडे नव्हे. आयर्लंडमध्ये मात्र, राज्यघटनेच्या चौकटीबाहेर जाणाऱ्या युरोपीय करारांना सार्वमत लागते असे ठरवणाऱ्या, सर्वोच्च न्यायालयाच्या १९८७ च्या क्रॉटी निकालाचा दाखला समोर असल्याने, महाधिवक्त्यांनी सार्वमताच्या बाजूने सल्ला दिला आणि ३१ मे रोजी जेमतेम निम्म्या मतदारांनी मतदान करून सुमारे ६० टक्क्यांनी होकार दिला. जनतेला विचारणे मला अधिक प्रामाणिक वाटते. तथापि बारा युरो-देशांच्या मंजुरीने करार लागू होणारच होता आणि मंजुरी नाकारणाऱ्यास अडचणीतील युरो-देशांना कर्ज देणाऱ्या नव्या बचाव निधीची दारे बंद होती, त्यामुळे मतपत्रिकेवरील ‘नील’, म्हणजे ‘नाही’समोरची चौकट बरीच महाग होती.