कृष्णेचा काठ धरायचा कसा: आरसीसी भिंत, गॅबियन की झाडोरा?

2019 आणि 2021 च्या महापुरांनंतर सांगली भागातल्या कृष्णाकाठच्या गावांतून एकच मागणी पुन्हा पुन्हा होते: नदीला संरक्षक भिंत बांधा. मागणी रास्त आहे. मळीची कसदार जमीन डोळ्यांदेखत नदीत जाते आणि सातबाऱ्यावर क्षेत्र मात्र तेवढंच राहतं. तरीही ठराव करण्याआधी दोन गोष्टी तपासायला हव्यात: काठ नेमका कशाने तुटतो, आणि सुचवलेलं काम पूररेषेच्या व पर्यावरणाच्या नियमांत बसतं का.

पूर चढताना काठ बहुतेक वेळा टिकतो, तो ढासळतो पूर ओसरताना. आठवडाभर पाण्याखाली राहिलेली काळी माती भिजून जड होते. नदी झपाट्याने उतरली की बाहेरचा आधार जातो, पण मातीत मुरलेलं पाणी आतून रेटा देतच राहतं. उसाच्या फडात काठापासून दोन-तीन पावलं आत, काठाला समांतर भेग पडलेली दिसली की पुढचा तुकडा जाणार हे शेतकरी ओळखतो. दुसरं कारण पायथ्याशी असतं. वळणाच्या बाहेरच्या अंगाला प्रवाह तळ पोखरतो, आणि तिथे वाळूउपसा झाला असेल तर काठाखालचा आधारच निघून जातो.

आता नियम. पूररेषा दोन असतात: निळी रेषा ही 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र, दोन रेषांमधलं नियंत्रित. काठसंरक्षणाचं काम निळ्या रेषेच्या आतच होणार, त्यामुळे खरा प्रश्न एवढाच उरतो की त्याने पात्राची वहनक्षमता, म्हणजे पुराचं पाणी वाहून नेण्याची ताकद, घटते का. 2012 च्या राष्ट्रीय जलनीतीत तर स्पष्ट म्हटलं आहे की काठ वाचवण्याची कामं नदीच्या रूपाचा, म्हणजे तिची वळणं, गाळ, खोली यांचा अभ्यास करूनच आखावीत. हा अभ्यास जोडलेला नसेल तर ते अंदाजपत्रक अपुरं आहे, असं माझं ठाम मत आहे.

आरसीसी भिंतीला सर्वात कमी जागा लागते, आणि हाच तिचा खरा गुण. घाट, पुलाचा पोहोचरस्ता, अगदी काठावर आलेलं गावठाण अशा ठिकाणी दुसरा मार्ग नसतो. शेताच्या काठाला मात्र ती मला पटत नाही. मागचं पाणी निघावं म्हणून ठेवलेली भोकं मागे नीट गाळणथर नसेल तर चिकणमातीने बुजतात, आणि ओसरत्या पुरात सगळा रेटा भिंतीवर येतो. पाया पोखरणीच्या खोलीखाली गेलेला नसेल तर ती खालूनच सुटते. भिंत संपते तिथे प्रवाह शेजारच्या शेताला कापतो. काठाची ओळ सोडून ती पात्रात सरकवली, तर आपला काठ वाचवताना समोरच्या गावाचा तुटतो, आणि पूररेषेच्या कसोटीवर असं काम टिकत नाही.

इथे मगरीही आहेत. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला हा प्राणी उतरत्या मातीच्या काठात घरटं खणतो आणि साधारण फेब्रुवारी ते एप्रिल अंडी घालतो. पाणी कमी असल्याने ठेकेदाराचा हंगामही नेमका तोच. काम भिंतीचं असो वा दगडाचं, सुरू करण्याआधी वनखात्याकडून काठाची पाहणी करून घ्या.

गॅबियन म्हणजे तारेच्या जाळीच्या पेट्यांत भरलेला दगड, त्यामागे जिओटेक्स्टाइलचं, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं, कापड. पाणी आरपार निघतं, त्यामुळे ओसरत्या पुराचा रेटा साठत नाही. जमीन थोडी खचली तर पेट्याही तिच्याबरोबर बसतात, भिंतीसारख्या तडकत नाहीत. दोष आहेत: जाळी गंजते, पुरातले ओंडके ती फाडतात, आणि जाळीच्या घरापेक्षा लहान दगड भरला तर पेटी एक-दोन पावसाळ्यांत रिकामी होते. पेट्या भरताना गावातल्या कुणीतरी तिथे हजर राहावं, ही तपासणी नंतर करता येत नाही.

झाडोरा सर्वात स्वस्त आणि नदीला सर्वात मानवणारा. वाळ्याची मुळं सरळ खाली दोन-तीन मीटर जातात. बांबूची मुळं वरच्या थरात पसरतात, म्हणून तो काठाच्या माथ्यावर ठीक, पायथ्याला उपयोगाचा नाही. पाण्यालगत वाळुंज आणि शेरणी, वर करंज. पण पंधरा-वीस फूट उभ्या दरडीवर नुसती रोपं लावून काही होत नाही, आणि मूळ धरायला एक-दोन पावसाळे लागतात.

म्हणून शेताच्या काठासाठी माझा कौल: पोखरणीच्या खोलीपर्यंत पायथ्याला गॅबियन, त्याची दोन्ही टोकं काठात वळवून घेतलेली, वर एकास दोनच्या आसपास (उंची एक, तर आडवं अंतर दोन) उतार आणि त्यावर वाळा व झाडं. भिंत फक्त घाट-गावठाणापुरती. अंदाजपत्रकात कामाआधीचा आणि नंतरचा पात्राचा आडवा छेद मागा, आणि देखभालीची तरतूदही.

कोकणातल्या वाचकांसाठी वेगळा मुद्दा. वाशिष्ठीसारख्या नदीच्या भरती-ओहोटीच्या भागात 2019 ची सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचना लागते: काठापासून 50 मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतलं जे कमी असेल तेवढी पट्टी. धूप रोखण्याच्या कामाला तिथे वाव आहे, पण परवानगी घेऊनच, आणि कांदळवनाला धक्का न लावता.

कृष्णाकाठी सगळं अडतं ते उतारावर. पंधरा फूट उंचीच्या काठाला एकास दोन उतार द्यायचा तर तीस फूट आडवी जागा लागते, आणि ती कुणाच्या तरी उसातून जाते. मोजणी करून ती पट्टी नकाशावर आखा आणि जमीनधारकांची लेखी संमती अंदाजपत्रकाच्या आधी घ्या. ती राहून गेली की जागा नाही या एका कारणावर काम उभ्या भिंतीकडे वळतं.