२० टक्के पिकॅरिडिन लोशन: चार महिने रोज लावल्यानंतर

माझ्या मुलीला डास चावला की नुसती गांध उठून थांबत नाही. दोन-तीन तासांत ती जागा तळहाताएवढी सुजते, लालबुंद होते, हात लावला तर गरम लागते. मागच्या उन्हाळ्यात एकदा पापणीवर चावला आणि सकाळी तिचा डोळा उघडेना. डॉक्टर म्हणाले, हा जंतुसंसर्ग नाही, डासाच्या लाळेतल्या प्रथिनांची ॲलर्जी आहे. याला स्कीटर सिंड्रोम म्हणतात. चावल्यानंतर काही तासांतच सूज आली तर बहुधा ॲलर्जी, आणि एक-दोन दिवसांनी दुखणं वाढत गेलं, ताप आला तर संसर्गाची शंका घ्यायची, एवढं त्यांनी समजावून सांगितलं. तेव्हापासून मी प्रत्येक गांधेची वेळ लिहून ठेवते.

या वर्षी उन्हाळा लागायच्या आधीच २० टक्के पिकॅरिडिनचं, म्हणजे अंगाला लावून डास दूर ठेवणारं लोशन आणलं. काही बाटल्यांवर याचंच नाव इकॅरिडिन असं असतं, पदार्थ एकच. मी, नवरा आणि आठ वर्षांची मुलगी, तिघांनीही चार महिने रोज वापरलं. काम चोख करतं. पण पहिले तीन आठवडे मला हे पटलं नसतं, कारण तेव्हाही ती चावून घेऊनच घरी येत होती.

त्याआधी आम्ही डीट हे डास दूर ठेवणारं जुनं रसायन असलेला स्प्रे वापरायचो. डीट काही वाईट नाही. १९४४ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने ते सैन्यासाठी तयार केलं, १९५७ पासून ते सर्वसामान्यांना मिळू लागलं, आणि इतकी वर्षं पारखलेला दुसरा पदार्थ सापडणं कठीण. पण ते प्लॅस्टिकला धार्जिणं नाही. नवऱ्याच्या चष्म्याच्या काडीवर ते लागलं आणि तिथली चकाकी जाऊन काडी चिकट झाली, बोटांचे ठसे उमटायला लागले. घड्याळाचा पट्टा, नेलपॉलिश, काही कृत्रिम धाग्यांचे कपडे, सगळ्यांना त्याचा त्रास होतो. मुलीला त्याचा वासही सोसायचा नाही, लावायचं म्हटलं की पळायची. पिकॅरिडिन १९८०च्या दशकात तयार झालं, मिरीत असलेल्या पायपेरिनच्या धाटणीवर. त्याला वास जवळजवळ नाही आणि ते प्लॅस्टिक खात नाही. आमच्या घरात निवड या दोन गोष्टींवर झाली.

आता त्या पहिल्या तीन आठवड्यांबद्दल. मी रोज लावत होते, तरी तिच्या पायावर गांधी उठत होत्या. लोशनच फसवं आहे असं धरून मी परत डीटवर जायच्या बेतात होते. मग एका संध्याकाळी तिला उजेडात उभं केलं आणि प्रत्येक गांध नीट पाहिली. दोन गुडघ्याच्या मागच्या घडीत होत्या. एक टाचेच्या वर, मोजा संपतो त्याच्या जेमतेम एक बोट वर. तीन एका रांगेत कोपराच्या मागे. एक कानाच्या पाळीमागे. माझा हात ज्या ज्या ठिकाणी पोचला नव्हता, त्या त्या ठिकाणी. पोटरीवर, जिथे मी भरपूर चोळलं होतं, एकही नव्हती.

ही लोशनं डासाला मारत नाहीत. मादी डास (चावते ती मादीच, अंड्यांसाठी तिला रक्त लागतं) आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड लांबून हेरते, जवळ आल्यावर घामाचा वास आणि अंगाची ऊब धरून येते. लोशन तिचा हा माग चुकवतं, पण लावलेल्या कातडीपुरताच. शेजारचं चार बोटं कोरडं राहिलं तर ती तिथे बसते. हातभर लावून बोटभर विसरलं की त्या बोटभर जागेवरच चावा.

तेव्हापासून आमचा क्रम ठरला. आधी घोटे आणि पावलाची वरची बाजू, मग गुडघ्यामागची घडी, पोटऱ्या, मग कोपर मागून, मग मान, शेवटी कान. तोंडाला लावायचं तर माझ्या तळव्यावर घेऊन डोळे आणि ओठ सोडून लावते, स्प्रे असला तरी तोंडावर कधी थेट मारत नाही. तिच्या तळहातांना लावत नाही, कारण ते हात पुढच्या मिनिटाला तोंडात किंवा डोळ्यांत जातात. खरचटलेल्या जागेवर नाही, कपड्यांच्या आत नाही. घरी परतलो की साबणाने धुऊन टाकायचं. क्रम बदलल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात तिला दोन चावे. त्याच्या आधीच्या आठवड्यात अकरा होते, माझ्या वहीत आहेत.

ही सगळी चोळाचोळ लोशनने सोपी होते. स्प्रे घाईत बरा वाटतो, पण वाऱ्यात निम्मा उडून जातो आणि कुठे बसला, कुठे नाही, कळत नाही. लोशन हाताला लागतं, म्हणून सुटलेली जागा समजते. पोत पातळ आहे, दोन-तीन मिनिटांत मुरतं, तेलकट राहत नाही. बाटलीबद्दल मात्र तक्रार आहे. झाकण वर उचलायचं, ते पिशवीत आपोआप उघडतं. दोनदा पिशवीचं अस्तर भिजलं. आता बाटली आधी छोट्या पिशवीत गुंडाळून मगच ठेवते. शिवाय १०० मिलीची बाटली तिघांना तीन आठवडेही पुरत नाही, नीट लावलं तर.

सनस्क्रीनचा गोंधळ बऱ्याच जणांचा होतो, आमचाही झाला. आधी सनस्क्रीन, ते वाळू द्यायचं, त्यावर हे लोशन. उलट केलं तर लोशन खाली दबतं. दोन्ही एकत्र असलेल्या बाटल्या मी मुद्दाम टाळल्या. सनस्क्रीन दर दोन तासांनी पुन्हा लावावं लागतं, कीटकांचं लोशन इतक्यांदा लावायची गरज नसते. एकाच बाटलीत दोन्ही असलं की एक तरी चुकीच्या मापाने लागतंच.

किती वेळ टिकतं? लेबलवर ८ तास लिहिलंय. सावलीत बसून वाचत असले तर तितकं टिकलं. मुलगी धावत, घामाघूम होत असेल तर चार-साडेचार तासांनी पहिला डास बसायचा. पाण्यात उतरली की संपलंच, अंग पुसून पुन्हा लावायचं. टक्केवारीबद्दल एक समजून घ्या: आकडा मोठा असला म्हणजे डास जास्त जोरात पळतात असं नाही, परिणाम जास्त वेळ टिकतो. डीटचंही तसंच. साधारण ५० टक्क्यांच्या पुढे वेळही फारशी वाढत नाही. तासाभरासाठी अंगणात बसायचं असेल तर कमी टक्क्याचं पुरतं.

गवतात, झाडीत जायचं असेल तेव्हा आम्ही कपड्यांना ०.५ टक्के परमेथ्रिन मारतो. हे कीटकनाशक आहे, फक्त कापडासाठी. कातडीला लावायचं नाही. कपडे बाहेर दोरीवर टांगून फवारायचे, पूर्ण वाळल्यावरच अंगात घालायचे. आमच्या डब्यावर सहा धुण्यांपर्यंत असर राहतो असं आहे, मी पाच मोजून पुन्हा फवारते. मोजे आणि विजारीचे पाय सगळ्यांत महत्त्वाचे, कारण गोचीड तिथून वर चढतात. घरात मांजर असेल तर फवारताना आणि ओल्या कपड्यांजवळ तिला अजिबात येऊ देऊ नका. परमेथ्रिन मांजरांना विषारी आहे, आणि हे मी जितक्या जणांना सांगितलं त्यातल्या बहुतेकांना माहीत नव्हतं. रंगही फिकट घालतो. गडद रंगाकडे डास जास्त येतात, आणि फिकट कापडावर गोचीड दिसतो तरी.

घरात मी लोशन लावत नाही. तिथे पंखा. ऐकायला फार साधं वाटतं, पण डास मोठा कमजोर उडणारा जीव आहे, ताशी दोन-अडीच किलोमीटर हा त्याचा वेग. टेबलफॅन पायांच्या दिशेने, जमिनीलगत लावला की टेबलाखालचे चावे बंद झाले. वाऱ्याने श्वास आणि घामाचा वासही विरतो. रात्री मच्छरदाणी. ती गादीखाली सगळीकडून खोचायची आणि अंगापासून लांब ठेवायची. एका रात्री मुलीचा गुडघा जाळीला टेकून राहिला. सकाळी गुडघ्याच्या त्या गोल भागावर चार गांधी, जाळीतून चावलेल्या. तेव्हापासून तिच्या बाजूला एक लांब उशी लावते.

अल्ट्रासाउंडचं यंत्र आणि मनगटाचा पट्टा, या दोन्हींनी निराशा केली. पट्टा घातलेल्या हातावर, पट्ट्यापासून वीतभर वर तिला चावा आला. वासाचा एक गोल पट्टा अख्ख्या अंगाला कसा राखेल? विजेच्या निळ्या दिव्याचा सापळा रात्रभर चटचट वाजतो आणि काम चाललंय असं वाटतं. त्याबद्दल १९९६ साली अमेरिकेतल्या डेलावेअरमध्ये अभ्यास झाला होता. त्या सापळ्यांत मेलेले १३,७८९ कीटक मोजले, त्यांत चावणारे होते ३१. बाकीचे पतंग, भुंगेरे, बिचारे निरुपद्रवी जीव, आणि काही तर डासांना खाणारे. आमचा दिवा मी काढून टाकला.

सहा महिन्यांचं किंवा दोन वर्षांचं बाळ घरात असेल तर माझा अनुभव तुम्हाला तसाच्या तसा लागू होणार नाही. दोन महिन्यांखालच्या बाळाला कुठलंही असं लोशन लावायचं नसतं, बाबागाडीवर जाळी टाकायची. लिंबाच्या वासाच्या निलगिरीपासून काढलेलं तेल, ज्यातला मुख्य पदार्थ पीएमडी, ते ‘नैसर्गिक’ म्हणून आई-बाबा हमखास उचलतात. तीन वर्षांखालच्या मुलांना ते लावू नये. मोठ्यांना मात्र ते चांगलं चालतं. पिकॅरिडिनलाही बाटलीवर वयाची अट असते, ती वाचूनच लावा.

आणखी एक अपेक्षा आधीच काढून टाका. मधमाशी, गांधीलमाशी, मुंगी यांच्यावर हे लोशन चालत नाही. त्या रक्तासाठी येत नाहीत, त्यामुळे त्यांना चकवण्यासारखं यात काही नाही. नवऱ्याला गांधीलमाशीने डंख मारला तेव्हा त्याच्या हाताला लोशन चोपडलेलं होतं.

तरी चावलंच तर आम्ही साबण-पाण्याने धुतो, फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं धरतो, मग १ टक्का हायड्रोकॉर्टिझोन, म्हणजे खाज-सूज कमी करणारं मलम. मुलीला डॉक्टरांनी ॲलर्जीची गोळी लिहून दिली आहे, ती त्यांनी सांगितल्या मापानेच. नखं बारीक कापलेली ठेवते, झोपेत खाजवून कातडी फुटली की मग खरा संसर्ग होतो.

उन्हाळ्याच्या मध्यावर एक दिवस दुपारी, भर उजेडात, पायांवर पांढरे पट्टे असलेले डास दिसायला लागले. हे एडिस, दिवसा चावणारे, आणि जन्मठिकाणापासून सहसा काहीशे मीटरच्या पलीकडे जात नाहीत. म्हणजे उगम जवळपासच असणार. शोधलं तर आमच्याच कुंड्यांखालच्या बशांत अळ्या वळवळत होत्या. अंड्यापासून उडणारा डास व्हायला उन्हाळ्यात आठवडा-दहा दिवस पुरतात, म्हणून आता दर रविवारी बशा रिकाम्या करते. नुसतं पाणी ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी पडूनही महिनोन्महिने जगतात. काथ्याने घासावं लागतं.

गेल्या पाच आठवड्यांत मुलीला एकूण तीन चावे, त्यातल्या एकाचीही सूज दुसऱ्या दिवसापर्यंत राहिली नाही. बाहेर जायच्या वेळी ती आता पाठ करून उभी राहते आणि मी बाटली उघडायच्या आधीच म्हणते, “आई, गुडघ्यामागे.”